तीन मशिनांना एक ठिगळ: नवशिक्यांसाठी

धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात मी कॉम्प्युटर बघतो. ‘बघतो’ हा शब्द नीट वाचा. प्रिंटरचा टोनर, गेटवरचे कॅमेरे, अंगठ्याचं हजेरी मशीन, साहेबांच्या मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट, हे सगळं त्या एका क्रियापदात येतं. गेल्या हिवाळ्यात त्यात आणखी एका कलेची भर पडली: प्रोग्रॅमचा पॅच काढणं आणि तो वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लावणं. या विषयावर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण ती ज्यांचं काम पहिल्या फटक्यात झालं अशा लोकांनी लिहिलेली आहेत. नवशिक्याला त्यांचा काय उपयोग?

उदाहरण घरचंच घेतो. आमच्या गेटवर वजनकाटा आहे. काट्याच्या खोलीत विंडोज ७ चं मशीन. काट्याचा आकडा सिरियल केबलीतून त्यात येतो आणि पावती निघते: ग्रॉस, टेअर, नेट. अकाउंट्सच्या मागच्या खोलीत, पाण्याच्या जारशेजारी, लिनक्सचा सर्व्हर. पावत्यांचा हिशेब तिथे जमा होतो. प्रोग्रॅम लिहिला माझ्या भाच्यानं. तो पुण्यात, मॅकवर. मामा म्हणून मी काम त्याला दिलं, भाचा म्हणून त्यानं पैसे घेतले नाहीत, त्यामुळे एकमेकांवर ओरडायचा हक्क दोघांनीही गमावला.

आता बिघाड. कच्चा माल आणणारा टँकर काट्यावर आधी भरलेला चढतो, मग रिकामा. माल न्यायला आलेला टँकर आधी रिकामा चढतो, मग भरलेला. भाच्यानं सरसकट पहिल्या वजनातून दुसरं वजा केलं होतं. येणाऱ्या मालाचा हिशेब चोख, जाणाऱ्या मालाच्या पावतीवर मात्र नेट: उणे १४,२३० किलो. ड्रायव्हर पावती उलटी धरून बघायचे. दुरुस्ती किती? एक ओळ. त्या एका ओळीच्या जोरावर खालचं मार्गदर्शन उभं आहे.

१. आधी इतिहास पाठ करा.

साहेब ‘झालं का?’ विचारायला येतात तेव्हा तो कामाला येतो. पॅच म्हणजे ठिगळ, आणि यात अलंकार काही नाही. १९४४ साली हार्वर्डला बसलेल्या मार्क वन या यंत्राचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. भोक चुकलं की त्यावर कागदाचा तुकडा डकवायचा. तशा ठिगळं लावलेल्या पट्ट्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. आपल्या आजीची गोधडी मात्र आपण बोहारणीला दिली. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी ‘डिफ’ आणला. दोन फायली दिल्या की तो नेमका फरक काढून देतो. तो फरक दुसऱ्याच्या फाईलला आपोआप चिकटवणारा ‘पॅच’ लॅरी वॉलनं १९८५ मध्ये लिहिला. पर्ल भाषेचा जनक तोच.

एवढं बोलेपर्यंत साहेबांचा फोन वाजतो. जाता जाता ते ‘आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार’ असं म्हणतील. मान डोलवा.

२. पॅच वाचायला शिका, निदान वाचल्यासारखं करा.

पॅचमध्ये पूर्ण प्रोग्रॅम नसतो. काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक, आणि खुणेसाठी वर तीन व खाली तीन न बदललेल्या ओळी. त्या खुणेच्या ओळी फार महत्त्वाच्या. ओळ क्रमांक हा घर नंबर समजा, आणि आपल्याकडे घर नंबरावर कधी कोणी पोचलंय? ‘मारुतीच्या देवळामागे, विहिरीसमोर, अंगणात शेवगा आहे ते’ असं सांगावं लागतं. पॅचही तसाच शोधत येतो. घर ठरल्या जागी नसलं तर थोडं वर जातो, थोडं खाली येतो, शेवगा दिसला की कडी वाजवतो.

आमच्या पॅचमधल्या उणे ओळीत वजाबाकीचं उणे होतं, आणि ती ओळ होती उणे वजनाबद्दल. काटेवाल्या काकांना मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “तुम्ही चहा घ्या आधी.”

३. हात फिरतोय तर आणखी चार गोष्टी करून घ्या.

एका ओळीचा पॅच पाठवणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसत्या अक्षता टाकून येणं. भाच्यानं ती ओळ बदललीच, शिवाय केबलीतून वजन वाचणारा भाग वेगळ्या फाईलमध्ये काढला, काही नावं बदलली, आणि मला फोनवर म्हणाला, “मामा, सगळीकडे चालतं. पेणच्या गणपतीसारखं आहे, साचा एकच. दादरला बसवा नाहीतर अमेरिकेला.”

त्याचं चुकलं असं नाही. पण गणपतीच्या मूर्तीला ओळीच्या शेवटी काय आहे हे कोणी विचारत नाही.

४. एंटर या बटणावर कधीही विश्वास ठेवू नका.

इथे थोडं थांबा, कारण तुमच्या आयुष्याचा बराचसा भाग इथेच जाणार आहे.

तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे आठवा. ओळ संपली की ते दांडी ओढायचे. त्या एका ओढीत दोन कामं व्हायची: गाडा परत उजवीकडे जायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरनं या दोन कामांना दोन वेगळी चिन्हं दिली, क्रमांक १३ आणि क्रमांक १०. कॉम्प्युटर आले तेव्हा गाडाही नव्हता, कागदही नव्हता, पण वाटणी झाली. डॉस आणि पुढे विंडोजनं दोन्ही चिन्हं ठेवली. युनिक्सनं आणि त्याच्या मागून लिनक्सनं नुसतं १० ठेवलं. जुन्या मॅकनं नुसतं १३ ठेवलं, आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर गुपचूप युनिक्सच्या घरात राहायला गेलं. वडिलोपार्जित दोन चिन्हं आणि तीन भाऊ. रोह्याच्या कोर्टात यापेक्षा सोपे दावे पंचवीस वर्षं चालतात.

ही चिन्हं पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून पुढीलप्रमाणे वागा. लिनक्सवरची फाईल गेटच्या मशीनवर नोटपॅडमध्ये उघडा. सगळा प्रोग्रॅम एकाच लांबलचक ओळीत दिसेल, कोलाडच्या पुलावर अडकलेल्या ट्रकांसारखा. नोटपॅडला नुसत्या १० ची ओळ कळायला २०१८ साल उजाडावं लागलं, तेही विंडोज १० वर. आमचं गेट अजून सातवर आहे. घाबरू नका. तीच फाईल वर्डपॅडमध्ये उघडा. ओळी सुटसुटीत दिसतील. तुम्हाला आनंद होईल आणि त्या आनंदात तुम्ही सेव्ह दाबाल.

वर्डपॅडनं त्या क्षणी प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ घातलेला असतो. आता डिफ चालवा. त्याच्या मते फाईलमधली प्रत्येक ओळ काढून टाकलेली आहे आणि प्रत्येक ओळ नव्यानं लिहिलेली आहे. वर लाल, खाली हिरवं, अक्षर न् अक्षर सारखं.

काका मागे उभे होते. म्हणाले, “फरक काय दोन्हींत?”

“दिसत नाही.”

“मग बदललं काय?”

“सगळं.”

काकांनी चष्मा काढून पुसला. टँकरवाला बाहेर हॉर्न देत होता.

यावर उपाय आहेत, आणि ते माहीत असणं तज्ज्ञाला शोभतं. ‘डॉस-टू-युनिक्स’ नावाची चिमुकली आज्ञा सगळे १३ झाडून टाकते. बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये प्रोग्रॅमसोबतच एक फाईल ठेवून ओळीचे शेवट सगळ्यांसाठी एकदाच ठरवता येतात. पण त्यासाठी तिघांनी एका दिवशी एकत्र बसावं लागतं. त्यापेक्षा गिटचं ‘ऑटो-सीआरएलएफ’ हे बटण प्रत्येकानं आपापल्या मशीनवर आपापल्या मर्जीनं ठेवावं. आमच्याकडे तीन मशिनांवर तीन तऱ्हा आहेत, आणि कोणाच्याही मशीनवर काही बिघडलेलं नसतं. विचारून बघा.

५. पॅच पोचवायचा मार्ग विचारपूर्वक निवडा.

पहिला मार्ग ईमेल. पॅच पत्राच्या मजकुरातच चिकटवा. ईमेलचा प्रोग्रॅम लांब ओळी मोडून दोन करतो, टॅबच्या जागी स्पेस घालतो, आणि काही तर ओळीच्या सुरुवातीची स्पेस खाऊन टाकतात. खुणेची ओळ त्या एका स्पेसवरूनच ओळखू येते. ती गेली की पॅच ‘मालफॉर्म्ड’ ठरतो, म्हणजे अंगानं वेडावाकडा.

दुसरा मार्ग व्हॉट्सॲप. त्यात दोन फुल्यांमधलं सगळं ठळक होतं आणि दोन अधोरेषांमधलं तिरकं. भाच्याचा प्रोग्रॅम गुणाकारांनी आणि अधोरेषांनी भरलेला. माझ्या फोनवर तो पोचला तेव्हा वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखा दिसत होता.

तिसरा मार्ग, आणि धाटावात सर्वांत रुळलेला: पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवणं. यात ओळीच्या शेवटाचा प्रश्नच मिटतो, कारण शेवट फोटोत आलेला नसतो.

फाईल झिप करून जोडली तर जशीच्या तशी पोचते. हे मला माहीत आहे. पण भाच्याला झिप आवडत नाही, आमच्या ईमेलला झिप चालत नाही, आणि त्या दिवशी एमआयडीसीच्या रस्त्यावर जेसीबी आला होता, म्हणजे नेटही नव्हतं. शेवटी फाईल माझ्या फोनच्या नेटवर उतरवून पेनड्राइव्हनं गेटपर्यंत नेली. अंतर दोनशे पावलं. हेल्मेट सक्तीचं.

६. उलटा पॅचही पाठवा.

गेल्या दिवाळीत पावतीचा मथळा मी गेटच्या मशीनवर परस्पर बदलला होता. भाच्याला सांगितलं नव्हतं. सणासुदीचं कशाला. आता तो बदल त्याला पाठवायला हवा, म्हणून पॉवरशेल उघडलं, गिट डिफ लिहिलं, पुढे बाण काढून फाईलचं नाव दिलं आणि एंटर. सरळ काम. फक्त त्या बाणातून विंडोजचं पॉवरशेल फाईल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, प्रत्येक रोमन अक्षरामागे एक रिकामा बाइट सोडून. डोळ्यांना काही कळत नाही. भाच्याच्या मॅकला कळलं. त्यानं उत्तर दिलं, ‘ओन्ली गार्बेज वॉज फाउंड’, म्हणजे नुसता कचरा सापडला.

माझ्या मथळ्याबद्दल हे कोणीतरी एक दिवस म्हणणारच होतं, पण मशीननं म्हणावं याचं वाईट वाटतं.

७. पत्ता कापायला शिका.

पॅचमध्ये फाईलचा पूर्ण पत्ता असतो, आणि तो लिहिणाऱ्याच्या घरून मोजलेला असतो. तुमच्या मशीनवर तो लागू पडत नाही, म्हणून ‘पी’ हे अक्षर आणि पुढे आकडा देऊन पत्ता डावीकडून कापायचा. रायगड, रोहा, धाटाव, काटा असा पत्ता असेल तर पी-शून्य म्हणजे सगळा ठेवा. पी-एक म्हणजे जिल्हा उडवा. पी-दोन म्हणजे तालुकाही उडवा. तुम्ही मुळात कुठे उभे आहात त्यावर आकडा ठरतो.

गिटच्या पॅचला बहुधा पी-एक लागतो. हे एकदा सांगून संपतं. तरीही जगभरचे लोक शून्य, एक, दोन असं क्रमानं दाबत जातात आणि जे चालेल त्याला ज्ञान म्हणतात. तुम्हीही तसंच करा.

८. फाईलला नाव ठेवताना बारसं करतोय असं समजा.

प्रत्येक सिस्टिमचे निषिद्ध शब्द वेगळे. काट्याची केबल ज्या पोर्टला जोडतात त्याचं नाव कॉम-वन. म्हणून वजन वाचणाऱ्या नव्या फाईलला भाच्यानं मोठ्या प्रेमानं कॉम-वन हेच नाव दिलं. मॅकनं घेतलं, लिनक्सनं घेतलं. विंडोज ७ मध्ये मात्र कॉम-वन हे नाव डॉसच्या काळापासून राखीव आहे. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल हीसुद्धा. मागे कुठलंही शेपूट लावा, विंडोज त्याला फाईल समजत नाही, दार समजतं. त्यामुळे पॅच ती नवी फाईल लिहायला गेला तो थेट काट्याच्या केबलीच्या दारात. नशीब, ते दार आपल्याच प्रोग्रॅमनं अडवून ठेवलेलं होतं. ‘प्रवेश नाकारला’ एवढंच आलं. नाहीतर भाच्याचा प्रोग्रॅम ओळीनं काट्यात गेला असता, आणि काट्यानं त्याचं वजन काय दाखवलं असतं याबद्दल मला कुतूहल आहे.

मग लहान-मोठ्या अक्षरांची गंमत. थोरल्या ‘व्ही’चं वजन आणि धाकट्या ‘व्ही’चं वजन या लिनक्सला दोन वेगळ्या फायली. विंडोजला आणि नव्या कोऱ्या मॅकला एकच. भाच्यानं फक्त पहिलं अक्षर मोठं केलं. सर्व्हरवर जुनी आणि नवी दोन्ही वजनं शेजारी शेजारी नांदू लागली. आपल्या लिपीत हा भेदच नाही, म्हणून आपल्याला हा घोटाळा कळायला एक जेवणाची सुट्टी जास्त लागते.

पण हसू नका, आपली लिपी मागे राहिलेली नाही. आमचा प्रोग्रॅम दर पाळीचा अहवाल मराठी नावाच्या फाईलमध्ये ठेवतो. ‘दुसऱ्या पाळीचा अहवाल’ यातला ‘ऱ्या’ बघा. एक पद्धत: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, य. दुसरी: साधा ‘र’, खाली नुक्ता, हलन्त, य. तिसरी: साधा ‘र’, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. तिन्ही कागदावर सारखे. मॅकची जुनी फाईल-व्यवस्था पहिल्याचा दुसरा करून ठेवायची, न विचारता. लिनक्स कशालाच हात लावत नाही. त्यामुळे आमच्या सर्व्हरवर एके काळी ‘दुसऱ्या पाळीचा अहवाल’ याच नावाच्या तीन फायली एकाखाली एक होत्या, आणि दुसऱ्या पाळीचे लोक म्हणत होते की आम्ही एकदाच काम केलं. पहिल्या पाळीला हा त्रास कधीच झाला नाही, तिच्या नावात ‘ऱ’ नाही.

नीट बघावं म्हणून गिटला विचारलं, तर ते मराठी नाव दिसलं की प्रत्येक अक्षराचे तीन-तीन आकडी तुकडे करून दाखवतं. ती सवय मोडता येते. मोडल्यावर तीन सारखी नावं दिसतात. आकडेच बरे होते. निदान वेगळे दिसत होते.

९. ठिगळाला ठिगळ म्हणू नका. किंवा म्हणा.

ऑफिसच्या मशीनवर पॅच चालवला तर विंडोजनं पडदा काळवंडून ॲडमिनचा पासवर्ड मागितला. मी काही नको ते उघडलं होतं का? तसं नव्हे. व्हिस्टापासून विंडोज प्रोग्रॅमच्या नावावरून अंदाज बांधतं: नावात ‘इन्स्टॉल’, ‘सेटअप’, ‘अपडेट’ किंवा ‘पॅच’ आलं की हा माणूस काहीतरी बसवायला आला असणार. जुन्या पद्धतीनं बनवलेला बिचारा पॅच नुसत्या नावानं पकडला जातो. मी त्याचं नाव बदलून रोमन लिपीत ‘ठिगळ’ ठेवलं. विंडोजनं सलाम ठोकून आत सोडलं. आडनाव बदलून गेटमधून आत गेलेल्या माणसांची उदाहरणं सिक्युरिटीला सांगू नका.

१०. ‘जमलं’ असा शब्द दिसला की पुढे वाचू नका.

दुपारी तीनचा भोंगा झाला, दुसरी पाळी आत आली, आणि गेटच्या मशीनवर पॅच म्हणाला: सक्सीडेड, विथ फझ टू. मी काकांना टाळी दिली. फझ म्हणजे काय हे मी संध्याकाळी वाचलं. तुम्ही आत्ता वाचा. खुणेच्या ओळी पूर्ण जुळल्या नाहीत तर पॅच वरच्या-खालच्या दोन-दोन ओळींकडे काणाडोळा करतो. शेवगा नाही? पाडला असेल. विहीर नाही? बुजवली असेल. मारुती आहे ना? मग हेच घर.

माझ्या दिवाळीच्या मथळ्यानं मूळ घराच्या खुणा पुसल्या होत्या, आणि चाळीस ओळी खाली जवळजवळ तसंच दुसरं घर होतं: डुप्लिकेट पावती छापणारं. ठिगळ तिथे बसलं. दुपारभर मूळ पावतीवर उणे १४,२३० आणि डुप्लिकेटवर खरं वजन. काका हुशार. त्यांनी कोणालाही न सांगता प्रत्येक टँकरला डुप्लिकेट द्यायला सुरुवात केली. अकाउंट्सनं विचारलं, सगळ्यांच्या मूळ पावत्या हरवतात कशा? काका म्हणाले, “ड्रायव्हर लोक.”

लावण्याआधी ‘ड्राय रन’ करता येतो, म्हणजे फाईलला हात न लावता रंगीत तालीम. आणि जे तुकडे बसत नाहीत ते पॅच वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवतो, नाव ‘आरईजे’, रिजेक्टचं छोटं रूप. ती फाईल उघडून बघणारा माणूस तज्ज्ञ. मी फोल्डर स्वच्छ दिसावं म्हणून ती डिलीट केली.

११. केव्हा लावावा?

हा विषय विनोदाचा नाही, पण मार्गदर्शिकेत टाळता येत नाही, कारण घडलं ते आपल्याच जिल्ह्यात. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच १४ मार्च २०१७ ला दिला. तो तयार शिवून आलेला, लावायला फक्त मशीन बंद-चालू करावं लागत होतं. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा संगणकी किडा त्याच भोकातून जगभर शिरला. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा किडा आला आणि उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. कंटेनरची कामं हातानं करायची वेळ आली. यातला डंख असा की नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं त्यांच्याच घरी तो आधी उतरला, आणि ज्यांनी मार्चचा पॅच घेतला नव्हता त्यांच्या मशिनांतून फोफावला. पॅच घेतलेली काही मशिनंही चोरलेल्या पासवर्डांमुळे गेली.

म्हणून नियम: पॅच ताबडतोब लावावा, आणि थोडं थांबून लावावा. आमच्या गेटचं विंडोज ७ या वादात पडत नाही. त्याला जानेवारी २०२० पासून नेहमीचे पॅच यायचेच थांबले.

१२. काम झाल्यावर पुन्हा एकदा करा.

संध्याकाळी साडेसहाला मी सगळं बाजूला ठेवलं. गेटवर गेलो, फाईल उघडली, डुप्लिकेटच्या घरातलं ठिगळ राहू दिलं आणि मूळ पावतीतली ती एक ओळ हातानं टाइप केली. अठ्ठावीस अक्षरं. टँकर चढला, उतरला, पावती आली: नेट १४,२३०. उणे नाही. काकांनी पावतीवर हात फिरवून पाहिला. त्या आठवड्यात आमच्या पाळीची पोपटी ठरली होती. वालाच्या शेंगांचं मडकं भांबुर्ड्याचा पाला भरून, तोंड बंद करून तयार होतं. मी निघालो.

रात्री नऊला भाच्याचा फोन. “मामा, हातानं केलेलं रेकॉर्डला धरत नाही. मी फझवाली भानगड निस्तरून नवा पॅच काढलाय. लावून टाका, दोन मिनिटांचं काम.” मडकं विस्तवावर, हाताला शेंगांचा वास, मांडीवर लॅपटॉप. गेटचं मशीन लांबून उघडलं, पॅच लावला. त्यानं विचारलं: हा पॅच उलटा आहे किंवा आधीच लागलेला आहे, असं दिसतं. उलटा धरू का?

याचा अर्थ असा की काम आधीच झालेलं आहे. योग्य उत्तर ‘एन’. पॅच स्वतःसुद्धा तेच सुचवतो, चौकटी कंसात. पण ‘असं धरू का?’ असं कोणी अदबीनं विचारलं तर आपल्या तोंडून ‘धरा’ येतं. मी ‘वाय’ दाबलं. पॅचनं माझी ओळ काढली आणि भाच्याची मूळ चूक जशीच्या तशी परत बसवली. अतिशय सफाईनं. फझ शून्य.

हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टँकरला कळलं. त्यानंतर तीन वेळा तारीख ठरली. एकदा भाचा सुट्टीवर होता, एकदा लाईट नव्हती, एकदा ऑडिट होतं. तुमची पाळी येईल तेव्हा ‘वाय’ दाबण्याआधी एकदा काकांना विचारा. ते गेटवरच असतात. उणे चिन्ह खोडायला त्यांच्या टेबलावर दोरीनं बांधलेलं निळं पेन आहे. काळं चालत नाही, अकाउंट्सवाले झेरॉक्स समजून परत पाठवतात.